कोकण ते काश्मीर, मुक्काम धामापूर

मित्रांनो, मी एक जुनी डिझेलची व्हॅन आहे. किती जुनी, ते माझ्या धुरावरून ओळखा. माझ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘कोकण ते काश्मीर’ असे रंगवलेले आहे. काश्मीर मी पाहिलेले नाही. मालवणहून निघून बांद्याला पोचणे हीच माझ्या आयुष्यातली मोठी महत्त्वाकांक्षा होती, आणि तीसुद्धा परवाच्या दिवाळीपर्यंत अर्ध्या वाटेवरच अडकलेली होती.

तरुणपणी मी कोल्हापूरकडच्या पर्यटकांना समुद्र दाखवायला आणत असे. समुद्र दिसला की लोक माझे आभार मानत. मग माझ्या मालकाने नवी बस घेतली आणि मला एका फणसाखाली उभे केले. दोन पावसाळे मी तिथेच होते. एका कोंबडीने माझ्या मागच्या सीटवर संसार थाटला. तिची तक्रार नव्हती, माझीही नव्हती.

तिथून मला दत्तप्रसादने विकत घेतले. तो मालवणात पर्यटकांना खोल्या देतो. कुडाळच्या एमआयडीसीतल्या गॅरेजवाल्या गुरुदासने माझ्या पोटात पलंग बसवला, भांडी घासायला मोरी केली, गॅसची शेगडी ठेवली. मी कॅम्पर व्हॅन झाले. पाठीवरचे काश्मीरही गुरुदासचेच. हे सगळे करण्याचे खरे कारण मात्र काश्मीर नव्हते. खरे कारण दत्तप्रसादची आई, लक्ष्मीकाकू.

लक्ष्मीकाकूंचे माहेर बांद्याला. त्यांचा एकुलता भाऊ धोंडूमामा. दर भाऊबीजेला मामा एसटीने मालवणला येत. पण त्यांचे पाय गेले, ते चाकाच्या खुर्चीत बसले, आणि आता बहिणीने जायचे असे ठरले. अडचण एकच होती. काकूंना गाडी लागते. आडवे पडून गेल्या तर लागणार नाही, या आशेवर तो पलंग होता.

पहिल्या भाऊबीजेला आम्ही निघालो. चौके ओलांडले, धामापूरची वळणे सुरू झाली आणि पलंगावरून आवाज आला, “दत्तू, थांबव रे!” तळ्याकाठी काकू उतरल्या, त्या पुढे जायला पुन्हा चढल्याच नाहीत. त्यांचे यजमान अप्पा नारळाच्या झाडाला टेकून म्हणाले, “तुजा पोट आसा काय समुद्र? सदीच भरती!”

“तुमका ता कळाचा नाय,” काकू तोंड पुसत म्हणाल्या. “तुमी खंयव पडलास तरी घोरतास.”

शेवटी तळ्याकाठीच फोन लावला आणि काकूंनी पडद्यावरच्या भावाला ओवाळले. फोनला कुंकू लागले. मामांच्या कपाळाला लागले नाही. तिकडून मामा हसत होते, पण फार हसत होते. काकूंनी फोन बंद करून पदरात पुसला. मित्रांनो, इतका चांगला पलंग पोटात घेऊन मला इतके लाजल्यासारखे कधी झाले नव्हते.

यंदा पाऊस संपताच दत्तप्रसादने ठरवले, ही धूर सोडणारी व्हॅन काढायची आणि इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायची. अंगणात जागा एकाच गाडीची. विक्रेता एक चकचकीत पांढरी गाडी घेऊन दारात आला. “आवाज नाही, धूर नाही, वास नाही,” तो म्हणाला. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी शेजारीच उभी होते, आणि माझ्यात तिन्ही होत्या.

काकूंना त्या गाडीत बसवून सगळे धामापूरपर्यंत गेले. तासाभराने परत आले तेव्हा विक्रेत्याच्या हातात पायपुसणे होते आणि तो ते लांब धरून चालत होता. “आवाज नाय ता खरा,” अप्पांनी मला टेकत सांगितले. “त्यामुळे हिचो आवाज सगळ्यांका आयकाक इलो.”

काकू पायरीवर लिंबू चोखत बसल्या होत्या. मध्येच त्यांनी मुलाकडे निरखून पाहिले.

“दत्तू, ल्हानपणी तुका पण लागायची. धामापूरच्याच वळणार.”

“हां. मगे?”

“मगे गेली कशी?”

“गाडी चलवूक लागलंय, तेव्हापासून गेली.”

“तर मगे माका पण चाक द्या.”

अंगणात शांतता पसरली. इलेक्ट्रिक गाडीपेक्षाही जास्त.

“आये, तू एकसट वर्षांची आसस,” दत्तप्रसाद म्हणाला.

“म्हणान काय झाला? गाडयेक माजा वय खंय ठावक आसा?”

मला ठाऊक होते. पण मी गप्प राहिले.

नवी गाडी शिकायला कोण देणार? दारांना पोचे असलेली एकच गाडी घरात होती. असे माझे जाणे लांबले. दत्तप्रसादची बायको चारुता चांगली चालवते, ती गुरू झाली. शिकाऊ परवान्याच्या खिडकीवर कारकुनाने विचारले, “आजी, परवाना कुणासाठी काढायचाय?” काकू कचेरीतली भाषा काढून म्हणाल्या, “माझ्यासाठी. डोळ्यांचा दाखला आणला आहे. जिभेचाही लागतो का?” हे चारुताने घरी येऊन दोनदा सांगितले.

रोज सकाळी आम्ही सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर, जात असू. कातळावर अडवायला कुणी नाही, एक म्हैस सोडून. सुरुवातीला क्लच सुटला की मी बेडकासारखी उडी मारत असे. “आई, सावकास सोडा!” चारुता डॅशबोर्ड धरून ओरडे. “अगो, तो बेडूकच फुडे जाता, मी खंय काय करतंय?” पण चौथा गियर पडला त्या दिवशी काकू मोठ्याने हसल्या. माझ्या इतक्या वर्षांत चौथ्या गियरला कुणी हसलेले मला आठवत नाही.

भाऊबीजेच्या सकाळी अप्पांनी माझ्यासमोर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे घातले. “बा देवा म्हाराजा! आज ही लक्ष्मी चाक घेवन भावाक ओवाळूक चलली आसा. वाटेतली गुरां, कोंबडे, कुत्रे जाग्यार ऱ्हवांदेत!”

“होय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“गियर पडांदेत, ब्रेक लागांदेत!”

“होय म्हाराजा!”

“नि मागच्या पलंगार निजललो हिचो घोव बांद्याक सुखरूप पोचांदे!”

“होय म्हाराजा!” बाकीचे म्हणाले. काकू म्हणाल्या, “बगूया.”

पुढे लाल ‘एल’ लावलेला, काकूंच्या शेजारी चारुता, मागे दत्तप्रसाद आणि पलंगावर अप्पा. चौके गेले. धामापूरची वळणे आली. तिसरा, दुसरा, पुन्हा तिसरा. मी श्वास रोखून होते; डिझेलच्या गाडीला ते सोपे नसते. काकूंचे ओठ घट्ट मिटलेले, नजर रस्त्यावर. आणि तळ्यापाशी मागून क्षीण आवाज आला.

“गो... जरा गाडी थांबव.”

“कित्या?”

“काय नाय. तळा बगूचा आसा.”

“तळा खंय पळान जाता? सीटखाली पिशवी आसा, ती घेवा.”

बांद्याला मामा घरापुढच्या खळ्यात खुर्चीवर बसले होते. मी थांबले तशी त्यांनी डावीकडच्या खिडकीत पाहिले. तिथे चारुता होती. त्यांचा चेहरा उतरला. “लक्ष्मी परत वाटेतच ऱ्हवली काय गो?”

“हयसर बग, धोंड्या!” उजवीकडून काकू ओरडल्या.

मामांनी बघितले. मग त्यांनी आपली खुर्ची माझ्यापर्यंत ढकलत आणायला लावली, आणि बहीण चाकामागून उतरेपर्यंत माझे दार हाताने धरून ठेवले. ओवाळणी तिथेच झाली. यंदा कुंकू कपाळाला लागले. उरलेले काकूंनी माझ्या बॉनेटवर लावले.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा फोन आला. काकूंनी एकदा ती गाडीही सड्यावर चालवून पाहिली आणि निकाल दिला, “बरी आसा. पण तिका गियर नाय. हात रिकामो ऱ्हवलो, की मन पोटात जाता.” माझा धूर, माझे वय, माझे काश्मीर यांचा कुणी विचारच केला नाही. केवळ गियरच्या जोरावर मी घरात राहिले. तीही गाडी एक दिवस येईल. धूर न सोडणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. दत्तप्रसादने माझा फिल्टर बदलला, तेव्हापासून मीही कमीच खोकते.

मित्रांनो, जुन्या गाडीचे ऑइल वेळेवर बदला, टायरात हवा भरा, सीटवर कोंबडी बसू देऊ नका. आणि घरात कुणाला गाडी लागत असेल, तर नवी गाडी बघण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा, तुला कुठे बसायचे आहे. पलंग, मोरी आणि शेगडी करून झाली, तरी लक्ष्मीकाकूंना हे कुणी विचारले नव्हते. शेवटी त्यांनीच सांगितले, आणि माझे भले झाले.

पिशवी अजून सीटखालीच असते. ती आता अप्पांची आहे.