अण्णाजींनी थुंकलेली बी

मी मिरचीची बी बोलतेय. अंगानं चपटी, जिभेनं तिखट. तेव्हा एखादा शब्द झोंबला तर सोसून घ्या.

माझी जात तळेगावची. सिंदीच्या मनकर्णाबाईच्या आईनं ती परसात जपली होती. आई वारली, आणि लेकीच्या हाती तिची एकच वाळकी मिरची उरली. तिच्या पोटात आम्ही.

बाईनं आम्हाला आणि भेदराच्या, म्हणजे टमाटरच्या, बियांना ओल्या फडक्यात बांधून कमरेला खोचलं. अंगाच्या उबेनं मोड येतो ना! भेदराच्या बिया चौथ्या दिवशीच मोड काढून कुंडीत गेल्या. आम्ही मिरच्या मुलखाच्या आळशी. बाई दिवसातून दहादा फडकं सोडायची. "काऊन वं, तुमाले का पाटावर बसवून ओवाळू?" अहो, घटकेघटकेला पांघरूण ओढल्यावर कोण नीट उठेल?

आठव्या दिवशी आम्हाला मोड फुटला. फडकं कोनाड्यात ठेवून बाई आंघोळीला गेली. तिथंच तिच्या नवऱ्याची, अण्णाजींची, तंबाखूची चंची. अण्णाजी शेजारच्या बापूरावांशी पहिल्या मतदानाच्या गप्पा हाणत होते. न बघताच चंचीऐवजी फडक्यात हात घातला, होतो नव्हतो तेवढ्या चिमटीत उचलल्या आणि कोंबल्या गालात!

"अरे बापा, मेलो!"

सगळ्या बहिणी दाताखाली गेल्या. मी एकटी थुंकीबरोबर न्हाणीच्या नालीकाठी पडले.

बाई आली. रिकामं फडकं तिनं दोनदा झटकून बघितलं. "माह्या आईची एवढीच निशाणी होती. काय झालं जी तिचं?" अण्णाजींचे डोळे वाहत होते; त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. बापूराव गुपचूप सटकले. मला फार वाईट वाटलं हो.

दुसऱ्या दिवसापासून अण्णाजी चूळ भरायच्या निमित्तानं नालीकाठी उकिडवे बसून चिखल न्याहाळू लागले. पाचव्या दिवशी मी डोकं वर काढलं, तर गडी चक्क माझ्या पाया पडला! लगेच भोवती बोराटीच्या काट्या.

"नालीले काऊन कुंपण करून राह्यले?" बाईनं विचारलं.

"म्याच खाल्ल्या मनकर्णे. तंबाखू समजून. हे एक वाचली."

बाई आधी खवळली. मग इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला.

लोकहो, बी रुजत घाला तेव्हा जरा धीर धरा, एवढंच माझं मागणं. आज माझी पहिली मिरची लाल झाली. बाईनं ती तोडली, डोळ्यांना लावली आणि अण्णाजींच्या हातात दिली.

"बियाले तुमीच सांभाळजा. अख्ख्या सिंदीत तुमच्याइतकं तिले कोणी भेत नाई."