द्राक्षबागेतला उत्तररंग

कल्याणीच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि नावावर अर्धी वाइनरी. या दोन गोष्टी एकाच बाईच्या ठायी कशा नांदतात, हा प्रश्न ऑकलंडच्या मराठी मंडळींना अधूनमधून पडे. कल्याणीला तो कधीच पडला नाही. तिने जन्मात वाइनचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता. धाकटी इरावती वाइनचं रीतसर शिक्षण घेतलेली. ती दिवसभर चाखायची, पण चाखलेलं सगळं थुंकून टाकायची. एक बहीण चाखत नाही आणि दुसरी गिळत नाही, अशा दोघींच्या हातून ऑकलंडबाहेरच्या क्लीव्हडनच्या उतारावर वाइन होई, आणि ती म्हणे फार चांगली होई.

बाग त्यांच्या वडिलांची. दीनानाथ मूळचे नाशिककडचे, पापाकुऱ्यात फार्मसी चालवायचे. एका म्हाताऱ्या इटालियनाने आपली बाग त्यांना दिली ती एका अटीवर. त्याच्या गावी बापजाद्यांपासून रीत होती, की पहिल्या घडाला कात्री लागण्याआधी बागेत कुणीतरी देवाचं गाणं म्हणायचं. दीनानाथांनी लगेच मान डोलावली. पाद्री त्यांच्या ओळखीचा नव्हता, पण कीर्तनकार होते. तेव्हापासून तोडणीच्या रविवारी पिंपांच्या शेडमध्ये रमणबुवांचं कीर्तन व्हायचं. आधी निरूपणाचा पूर्वरंग, मग गोष्टीचा उत्तररंग, मग आरती, मग वरणभात. पानं उचलली की श्रोत्यांनी कात्र्या घेऊन वेलींत शिरायचं. सर्जन, नर्सा, फार्मासिस्ट, दातांचे डॉक्टर, टाळ्या वाजवून लाल झालेले हात तसेच घडांकडे वळायचे. दीनानाथ याला सेवा म्हणत. इरावती याला फुकटची मजुरी म्हणे, पण त्यांच्या माघारी.

संध्याकाळी निघताना प्रत्येकाच्या हातात एक बाटली दिली जाई. आमच्यात कुणी घेत नाही हो, असं प्रत्येकजण सांगे, आणि बाटली पिशवीत घालता घालता म्हणे, शेजाऱ्याला होईल. लहानपणी कल्याणीची अशीच समजूत होती, की प्रत्येक भाविक घराच्या कुंपणापलीकडे देवाने एकेक तहानलेला गोरा नेमून दिलेला आहे.

दीनानाथ मागच्या हिवाळ्यात गेले. यंदाचं पीक बहिणींचं पहिलंच, आणि इरावतीने सरळ सांगून टाकलं होतं, की एवढी तोडणी आपल्याच्याने निभली नाही तर बाग विकायची. पलीकडच्या जमिनीवर लग्नांचा हॉल चालवणारा माणूस विचारतच होता. वेली काढून त्याला पार्किंग करायचं होतं. उतारावर तोडणीचं यंत्र चढत नव्हतं आणि तोडणाऱ्यांच्या टोळ्या मोठ्या बागांनी कधीच अडकवून ठेवल्या होत्या. कल्याणीने ते फारसं मनावर घेतलं नाही. टोळी कशाला हवी, कीर्तन आहे ना, म्हणाली.

आणि नेमकं कीर्तनच गेलं. कीर्तन ठरवणाऱ्या मराठी मंडळाचे नवे अध्यक्ष डॉक्टर यशोधन हे मोठे सर्जन आणि त्याहून मोठे शिस्तीचे. दारूच्या पिंपांमध्ये भगवंताचं नाव घेणं मंडळाला शोभत नाही, असा ठराव त्यांनी करवून घेतला आणि कीर्तन माउंट वेलिंग्टनच्या हॉलमध्ये नेलं. तिथे एसी होता, पार्किंग होतं, नंतर बायकांना मॉलमध्येही जाता येणार होतं. कल्याणीने फोन केला तेव्हा ते फार मायेने बोलले. दीनानाथकाकांना हे तोंडावर सांगायचं कुणाला धाडस नव्हतं, पण पावित्र्य म्हणून काही असतंच ना, असं त्यांचं म्हणणं पडलं. फोन ठेवता ठेवता त्यांनी बाटल्यांचं यंदा कसं, तेही विचारून घेतलं. शेजारी आठवण काढत होता.

वार तोच, बुवाही तेच, जागा तेवढी भलतीच. सोमवारपासून पावसाचा इशारा होता, आणि घड असे टरारले होते की एका सरीने सालं फुटली असती.

बुवा रिवाजाप्रमाणे उतरले होते बहिणींकडेच. इरावतीचा आग्रह होता, की ताईने त्यांना हॉलवर जाऊ नका असं सांगावं. कल्याणीला ते पटेना. बुवांनी कुठे गावं हे श्रोत्याने सांगायचं नसतं. ती नुसती मंडळाची पत्रिका न्याहाळत बसली. साडेदहाला सुरुवात, पूर्वरंग अर्धा तास, आख्यान अर्धा तास, आरती, बाराला हॉल रिकामा, पुढे झुंबावाल्यांचं बुकिंग. वाचता वाचता कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. या माणसाने जन्मभर ऑपरेशनं वेळेत संपवली असतील. कीर्तन धड एक ऐकलेलं दिसत नव्हतं.

रविवारी सकाळी बुवांपुढे चहा ठेवताना तिने एक शंका विचारली.

"बुवा, देवाला भक्ताच्या मनातलं सगळं आधीच कळतं. मग तो परीक्षा कशाला घेतो?"

बुवांनी कप खाली ठेवला. डोळे मिटले. "बाळ, हे चहाबरोबर सांगायचं काम नाही. हे आज उभं राहूनच सांगतो."

कल्याणीने नमस्कार केला, पापाटोएटोच्या भारतीय दुकानातून आणलेली तूरडाळ मोठ्या पातेल्यात शिजवून ठेवली, आणि ओळींच्या टोकांना रिकामे क्रेट मांडून आली. इरावती म्हणाली, हिचं दुःखाने डोकं फिरलंय.

हॉलमध्ये बुवांनी त्या शंकेचं निरसन केलं. दृष्टान्तातून दृष्टान्त निघाला, त्यातून पद, पदातून पुन्हा शंका. कल्याणी दुसऱ्या रांगेत बसली होती. काही वेळ तिने घड्याळाकडे पाहिलं, मग घड्याळ विसरली, मग बाग विसरली. देव परीक्षा घेतो ती त्याला कळावं म्हणून नव्हे, भक्ताला स्वतःचं कळावं म्हणून, असं बुवा म्हणाले तेव्हा तिला वडील आठवले आणि डोळ्यांना धार लागली. हे तिने काही ठरवून केलेलं नव्हतं.

गजर झाला, हार घातले, बुक्का लागला, आणि आख्यान सुरू झालं तेव्हा बारा वाजायला आलेच होते. राजाच्या बागेतला एक माळी, मोसमातलं पहिलं फूल राजाआधी देवाला वाहतो. राजा चिडतो, याला हत्तीच्या पायाखाली द्या म्हणतो. माळी जमिनीवर आडवा. हत्ती झुलत पुढे आला. बुवांनी उपरणं सोंडेसारखं हलवलं, एक पाय वर उचलला, पेटीने सूर धरला, आणि दार उघडलं.

हॉलची माओरी व्यवस्थापक बाई किया ओरा म्हणत हसतमुखाने आत आली. तिच्यामागे व्यायामाच्या कपड्यांतल्या बायकांचा घोळका होता. यशोधन तिच्याजवळ जाऊन अदबीने थोडी मुदत मागू लागले. बाई म्हणाली, बाहेर लॉनवर हवं तेवढं करा, स्वीट ॲज, काही हरकत नाही. आत मात्र एक मिनिटही मिळायचं नव्हतं. बुवा अजून एका पायावरच उभे होते.

मग यशोधनांनी माईक घेतला. उरलेला भाग सवडीने झूमवर घेऊ, असं ते सुचवत होते, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आशालताकाकूंचा आवाज आला. काकू म्हणजे मंडळातल्याच डॉक्टर विवेकच्या आई; भाजी चिरताना, औषध घेताना, सदा कीर्तनं ऐकणाऱ्या.

"हत्तीचा पाय वर ठेवून मी घरी जायची नाही. आणि आरतीशिवाय तर कुणीच उठायचं नाही."

लॉनवर निरांजनाला आडोसा नव्हता, आणि आत लोक उठले नाहीत. झुंबावाल्यांनी मागे नाचाचे स्पीकर लावायला सुरुवात केली. बुवांनी पगडी सारखी केली आणि दुसऱ्या रांगेकडे पाहिलं.

"कल्याणी, तुझ्याकडे जागा आहे ना गं?"

"जागा आहे, बुवा. वरणभातही आहे."

बाजूला बसलेल्या इरावतीने ताईकडे मान वळवून पाहिलं ते बराच वेळ पाहतच राहिली.

गाड्यांची रांग दक्षिणेच्या मोटरवेला लागली, पापाकुरा मागे टाकून बागेत पोचली. कल्याणीने एक गोष्ट कसोशीने पाळली. बुवांनी ओळीच्या तोंडाशी उभं राहून गजर म्हणेपर्यंत तिने कुणालाही घडाला हात लावू दिला नाही. म्हाताऱ्या इटालियनाची अट होती ती. मग पहिला घड तिने स्वतः तोडला आणि कात्र्या वाटल्या.

बुवा बसले नाहीत. हत्ती चालत येतोय म्हणाले आणि वेलींमधून चालू लागले. ज्याला ऐकायचं त्याने बरोबर चालणं भाग होतं, आणि हातात कात्री असताना नुसतं चालणं कुणालाच बरं दिसेना. एकेक ओळ संपली की हत्तीचा पाय तसूभर खाली येई, मग माळ्याची बायको आडवी पडे, मग त्याची गाय हंबरे, आणि पाय पुन्हा वर जाई. इरावती क्रेट घेऊन धावत होती. वरणभाताची पंगतसुद्धा पाय वर असतानाच उठली.

यशोधन तत्त्व म्हणून गाडीपाशी हाताची घडी घालून उभे होते. पण तिथून गोष्ट ऐकू येईना. ते कुंपणापर्यंत आले, मग पहिल्या वेलीपर्यंत, आणि गोष्ट माळ्याच्या गाईपाशी आली तेव्हा त्यांच्या हातात कात्री होती. सर्जनच ते, त्यांच्याइतके नीट देठ कुणाचेच कापले गेले नाहीत.

शेवटच्या ओळीत हत्तीने पाय अलगद बाजूला टेकला आणि माळ्याला सोंडेने पाठीवर घेतलं. आशालताकाकूंनी सुटकेचा श्वास सोडला. आरती झाली ती पिंपांच्या शेडमध्ये, कारण वारा सुटला होता आणि निरांजनाला आडोसा तिथेच होता. ठरावाची आठवण कुणी काढली नाही. यशोधनच तबक धरून उभे होते.

निघताना कल्याणी दाराशी बाटल्या देत होती. विवेकने एक घेतली. आमच्यात कुणी नाही, पण शेजाऱ्याला होईल. त्याच्या मागे यशोधन. त्यांनीही तेच सांगितलं, जरा हळू आवाजात. गाडीत आधीच बसलेल्या आशालताकाकूंनी काच खाली केली.

"अगं कल्याणी, या दोघांचं कुंपण एकच आहे. हा त्याचा शेजारी नि तो याचा."

विवेक बुटांची नाडी बांधायला वाकला. यशोधन आभाळ पाहू लागले. कल्याणी हसली नाही. दोघांच्या पिशव्यांत तिने घरच्या लिंबाच्या लोणच्याची एकेक बरणी घातली आणि शेजाऱ्यांना नमस्कार सांगा म्हणाली.

गाड्या गेल्या. ओळी मोकळ्या झाल्या होत्या आणि शेड क्रेटांनी भरून गेली होती. दक्षिणेकडे ढग काळवंडत होते. आता त्यांनी खुशाल यावं. इरावती एका क्रेटवर टेकली, एक द्राक्ष तोंडात टाकलं, आणि हे मात्र तिने गिळलं.

"लग्नांच्या हॉलवाल्याला उद्या नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. "आणि ताई, पुढच्या वर्षी माउंट वेलिंग्टनचा हॉल मीच बुक करणार. अकरापर्यंतच."