केशरबाईच्या छपरावरचे दगड

मी पत्रा बोलतोय, सास्तूरच्या केशरबाईच्या छपरावरचा. उन्हात कडकड आणि पावसात तडतड, एवढीच माझी भाषा. आज मात्र तुम्हाला कळेल असं बोलायचंय, कारण ऐनवेळी बोलता आलं नाही ते मला अजून छळतं.

जन्मलो कारखान्यात, पण माणसं पाहिली ती त्र्याण्णवच्या भूकंपानंतर. ट्रकमधून उतरवून मला तात्पुरत्या शेडच्या लोखंडी अँगलवर ठोकलं आणि खाली एक बाई तान्ह्या नागसेनला घेऊन येऊन बसली. तिची सहा वर्षांची श्रावस्ती दगडमातीच्या माळवदाखाली गेली होती. त्या पहाटे आधी पेले पडले होते. त्या आवाजानं केशरबाई तान्ह्याला उचलून बाहेर धावली. पोर मागून येतेय असंच तिला वाटलं.

पुढं पक्कं घर मिळालं, तरी ती स्लॅबखाली कधी झोपली नाही. मला नि माझ्या भावंडांना घालून तिनं शेजारी खोली केली. तिचे दोन नेम होते. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून सारं गाव पत्र्यांवर दगड ठेवतं, ही ठेवत नसे. आणि उशाशी अँगलला ठोकलेल्या फळीवर पितळी पेल्यांची उतरंड रची. जमीन हलली की पेले पडतील आणि आपण बाहेर पळू, असा तिचा हिशेब. दिवेलागणीला पेले रचून झाले की वर बघून विचारी, "वर काय न्हाय ना?" वर खरंच काही नसे, म्हणून मी निवांत असे.

गेल्या वर्षी बंडप्पा आला, छपराचा ठेकेदार. बोलणं लई गोड, मोबाईलमध्ये गावोगावच्या छपरांचे फोटो. नागसेन नोकरीला सोलापुरात. बंडप्पानं पेले पाहिले, ते कशासाठी हेही विचारून घेतलं आणि मागच्या भिंतीला शिडी लावली. केशरबाईचे गुडघे दुखतात, ती खालीच शिडी धरून उभी राहिली. वर, तिच्या नजरेआड, त्या माणसानं अँगलचं बाहेर आलेलं टोक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. मी पाहिलं. मी एकट्यानंच पाहिलं.

पेले पडले. केशरबाई शिडी सोडून अंगणात पळाली.

"मावशी, बघितलं का?" तो वरून म्हणाला. "छप्पर सुटलंय. आज न्हाय उद्या अंगावर येतंय."

नागसेनला विचारते, असं तिला म्हणता आलं असतं. दुसऱ्या एखाद्या कारागिराला दाखवता आलं असतं. पण पेले पडल्यावर थांबायचं नाही, हे तिच्या अंगातच भिनलं होतं. तिनं तिथंच होकार दिला.

दोन दिवसांत माझी जाडजूड भावंडं टेम्पोत चढली. माझा कोपरा वाकलेला, म्हणून मला सरपणावर फेकलं. धूळ उडते म्हणून केशरबाईला शेजारच्या घरी बसवून ठेवलं होतं. तेवढ्यात पातळ निळे पत्रे चढले. पत्रे आवळायचे हूक निम्मेच मारले आणि पत्रे दाबून धरायला सरपणाजवळचे दगड वर नेऊन खालून दिसणार नाहीत असे ठेवले. मी मोजले, नऊ होते.

त्या संध्याकाळीही तिनं विचारलं, "वर काय न्हाय ना?" भिंतीपलीकडून मला ऐकू आलं. पुढं रोजच ऐकू यायचं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

वैशाखात भरदुपारी वावटळ उठली. पेले पडले, केशरबाई बाहेर धावली आणि मागं निळे पत्रे उडाले. वारा थांबल्यावर ती आत गेली. तिच्या उशीवर दगड पडला होता. ती त्याच्याशेजारी बसली, त्यावर हात ठेवला.

"श्रावस्ती," ती हळूच म्हणाली, "दगड वर हुते गं. म्या बघितलंच न्हाय."

नागसेन आला तोवर बंडप्पाचा फोन बंद झाला होता. बाकी छपराला नागसेननं नवे जाड पत्रे आणले, पण खाटेच्या वरच्या जागी मलाच घालायचा हट्ट केशरबाईनं धरला. दुखऱ्या गुडघ्यांनी ती शिडी चढली आणि एकेक हूक ओढून बघितला.

आता मला गंजाची भोकं पडलीत, माझे फार दिवस उरले नाहीत. तुमच्या दारातही कुणी येईल, तुमची भीती कशात आहे ते हळूच विचारून घेईल. तो वर चढला की घरचं कुणीतरी सोबत चढवा. काम झाल्यावर पुन्हा एकदा चढा.

केशरबाई अजूनही दिवेलागणीला विचारते, "वर काय न्हाय ना?" मला अजूनही बोलता येत नाही. पण ती आता माझ्या उत्तराची वाट बघत नाही, भिंतीला टेकलेली शिडी ओढते आणि वर येते.