मासोळीला भिणारे देव

तलावाच्या पाळीवर सारं गाव लोटलं होतं. मधोमध पितळी परात, परातीत काठोकाठ पाणी, आणि पाण्यावर धानाचं एकच रिकामं टरफल. वारा नाही, कुणाचा हात नाही. तरी ते भिंगरीसारखं पळत होतं.

"पळाला! देव पळाला!"

परातीमागं सर्वदेव बाबा. बाजूला कापराची आरती धुमसत होती आणि बाबाचं तोंड थांबत नव्हतं.

"गोंडाचा पेनदेव या, ढिवराचा वाघोबा, सात समुंदरांपारचा गोऱ्यांचा देवबा! ज्याले राग असन त्यानं पाण्यावर नाचावं!"

एकेका देवाच्या नावानं तो टरफल सोडायचा. बाकीची निपचित तरंगायची, रुसलेला देव तेवढा धावायचा. मिसर देशातली मांजरतोंडी देवी, ग्रीकांचा विजेचा देव, सगळे मोबाइलवर पाहून पाठ केलेले. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या बापूराव काकांच्या नावानं तर छप्पन्न साली दीक्षा घेताना सोडलेले देव पळाले. म्हातारा माणूस, मान खाली घालून घरी गेला.

मी संघप्रिया, गावच्या शाळेत शिकवते. बाबाच्या गमतीवर मी हसूनही गेले असते. पण माझ्या वर्गातली रिंकूची जागा रिकामी होती.

रिंकूला सिकलसेल आहे. रोजची गोळी चुकली की हाडं ठणकतात. तिची आई गिरजा तलावात मासोळी धरते, आरमोरीच्या बाजारात विकते. बाबानं तिच्या वाघोबाचं टरफल पळवलं आणि सांगितलं, "तू केलेला नवस चुकला. अन् गोळीच्या वासानं देव घरात येऊन नाई राह्यला." गिरजानं गोळ्या तलावात फेकल्या.

आज ती टोपली घेऊन बसली होती. मांडीवर रिंकू, गुडघे पोटाशी घेऊन कण्हणारी. गिरजानं परातीच्या पाया पडायला हात पुढं केला, तसा तिचा भाऊ मनसाराम धावला. परात मांडणारा तोच.

"गिरजा, मांगं सर! मासोळीचा हात पाण्याले लावू नको. देव विटाळते."

मला ते खटकलं.

"गिरजाबाई, वाघोबाले काय चढवता तुमी?"

"मासोळीच तं, मॅडम. बापजाद्यापासून."

"बाबा, मंग एक सांगा. वाघोबा मासोळी खाते. मिसरच्या मांजरीले तं लयच आवडन! जगातले देव एका ताटात जेवत नाईत, मंग तुमच्या परातीत सारेच मासोळीले काऊन भितात?"

लोक हसले. बाबा डाफरला, "मास्तरीणबाई, देवाची परीक्षा पाहू नका!"

मी टोपलीतल्या मासोळीच्या पोटावर बोट घासलं आणि पाण्याला टेकवलं.

टरफल जागच्या जागी मेलं.

"पापीण! देव कोपला!"

"देव नाई कोपला, कापूर थकला." टरफल उचलून मी नखानं उकललं. शेपटाशी कापराचा कण. पाण्याच्या वरच्या थरात सगळीकडून सारखा ताण असतो. कापूर विरघळतो तिथं तो सैल पडतो, आणि टरफल दुसरीकडं ओढलं जातं. मासोळीची चरबी त्याच थरावर पातळ साय धरते. मग ओढच उरत नाही. आरती कशाला? तर परातीतल्या कापराचा वास झाकायला.

परातीशेजारच्या डब्यातल्या राखेनं मी परात घासली, नवं पाणी भरलं. आरतीच्या ताटातला कापूर रिंकूच्या हातावर ठेवला. कण्हत कण्हत तिनं टरफलात कण खोचला.

"याचं नाव काय, रिंकू?"

"याले नाव नाई, मॅडम."

तेही पळालं. रिंकू जराशी हसली.

बाबा झोळी उचलू लागला, तसे लोक आडवे झाले. कुणीतरी पोलिसांना फोन लावला. गिरजाचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं. ती राखेच्या डब्याकडं पाहत होती.

"दादा, रोज परात तूच घासत होता नं? म्हणूनच मासोळीचा हात लावू देला नाई. नवसाचं मी कोणाले सांगतलं होतं? तुलेच."

हाच मनसाराम. रिंकूचं दुखणं उठलं की भाचीला सायकलवर बसवून दवाखान्यात नेणारा.

"गिरजा, तू गोळ्या बंद करशीन असं मले मालूम नव्हतं वं."

"मालूम झाल्यावर?"

मनसाराम सायकलीकडं वळला.

"मालूम झाल्यावर बी घासली."

मनसारामनं सायकल पुढं आणली. गिरजानं सायकलीकडं पाहिलंही नाही. लेकीला उचललं आणि माझ्या स्कूटीवर बसली.

दवाखान्याच्या वाटेत पाठीमागून रिंकूच्या कण्हण्यात गिरजाचं रडणं मिसळत होतं.

बायांनो, भावांनो, माणसानं जंगलात देव पाहिला, नदीत पाहिला, मांजरीत पाहिला. कुणी बुद्धाची वाट धरली, कुणी कुणालाच हात जोडले नाहीत. ज्याचं त्याला लखलाभ. पण पाणी कुणाचाच देव ओळखत नाही, आणि लेकराची गोळी डॉक्टरला विचारल्याबिगर बंद करायची नसते. कुणी चमत्काराची परात मांडली, तर नाचणाऱ्या देवाकडं मागून पाहा. आधी विचारा, परात घासली कोणी?