कमानींची वही आणि बारावे गाणे

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. माझा जन्म नागपूरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. परदेशातल्या जुन्या गॉथिक चर्चचे चित्र समोर ठेवून कारागिराने माझ्या जाड पुठ्ठ्यावर टोकदार कमानी उठवल्या, मधोमध रंगीत काचांची गोल खिडकी रंगवली आणि पानांच्या कडांना सोनेरी मुलामा दिला. खरे सांगते, तेव्हा मी जरा शेफारलेच होते.

ऊर्जानगरच्या रोशनीला तिच्या लग्नात पुनम नावाच्या मैत्रिणीने मला भेट म्हणून दिले. रोशनीबरोबर मी गोंडपिपरीजवळच्या खेड्यात तिच्या सासरी आले. तिच्या सासूबाईंना, गुणाबाईंना, लिहिता-वाचता येत नव्हते. माझ्यावरच्या कमानी पाहून त्यांनी हातच जोडले.

"हे त विहार होय, बाई! याले खाली नोको ठेवू."

नव्या सुनेला नाही म्हणवेना. मी फळीवर, बुद्धमूर्तीशेजारी, पांढऱ्या कापडावर जाऊन बसले. रोज संध्याकाळी मेणबत्ती, अगरबत्ती, वंदना. येणारे-जाणारे माझे कौतुक करत. पण वहीला कौतुक घेऊन काय करायचे? मला अक्षरे हवी होती.

गुणाबाईंच्या गळ्यात रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, गाणी होती. धानाचा रोवणा सुरू झाला की बांधीत, भाताच्या खाचरात, वाकलेल्या बाया त्यांच्यामागून गात. शेत घरामागेच होते, त्यामुळे मलाही ऐकू यायचे. ती गाणी लिहून ठेवावीत असे रोशनीला फार वाटे. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ती लिहायची आणि पाने चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवायची. एका ओल्या सकाळी गुणाबाईंनी रद्दी समजून तीच पाने चूल पेटवायला घेतली. रोशनी खूप रडली. मी समोरच्या फळीवर कोरीच्या कोरी बसून पाहत होते. माझ्या सोनेरी कडांची तेव्हा मला लाज वाटली.

काही वर्षांनी गुणाबाईंना लकव्याचा झटका आला. बोलणे अडखळू लागले, गाण्यांच्या ओळी निसटू लागल्या. मग मात्र रोशनीने धीर केला.

"आई, ते विहार नाई. वही होय. वर चर्चचं चित्र आहे."

गुणाबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग वाकड्या झालेल्या ओठांनी हसल्या.

"मंग इतके साल काऊन नाई सांगितलं, पोरी? चर्च असो का विहार, गानं त दोन्हीकडं म्हनतेत ना? काहाड खाली. लिह."

त्या उन्हाळ्यात माझ्यात अकरा गाणी उतरली. इतकी सुखी मी कधीच नव्हते. बारावे गाणे त्यांनी शेतात कधीच म्हटले नव्हते; ते अर्ध्यावर असताना गुणाबाई दमल्या. "बाकीचं उद्या," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्याच नाहीत.

आता रोवण्याच्या दिवसांत रोशनी मला शेतावर नेते, गाणी वाचून म्हणते आणि बाया तिच्यामागून गातात. माझ्या कमानींवर चिखलाची बोटे उमटली आहेत, मुलामा उडाला आहे. मला त्याचे काही वाटत नाही. बाराव्या गाण्यात अर्ध्यावर आल्या की बाया थांबतात आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी देखणी वही जपून ठेवलेली असेल. तिला खाली काढा, आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखे काही आहे त्यांच्याजवळ आजच बसा. बाराव्या गाण्याखाली रोशनीने चार ओळींची जागा सोडली आहे. तिथे काय लिहायचे, हे आता कोणालाच ठाऊक नाही.