दारातल्या उजेडात

कापडाच्या दुकानात अठरा वर्षं उभं राहून माल विकलेल्या बाईला गोड बोलून कोण फसवणार? गोड बोलणं हा तर तिचाच धंदा. दुकानात तिला सगळे गोडबोलीच म्हणायचे. गिऱ्हाईक जाड असो, बारीक असो, आरशापुढं उभं राहिलं की हिचं ठरलेलं, "अगंबाई, हा रंग तर तुमच्यासाठीच आलाय!" दिवसातून चाळीस वेळा. त्यात तिला काही पाप वाटत नसे. तागा फळीवर पडून राहिला तर मालक काय तिची पाठ थोपटणार होता?

म्हणूनच पालकसभेत चित्रकलेचे सर तिला म्हणाले, "तुमच्या मुलीची नजर वेगळी आहे हो," तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. वाक्य गुळगुळीत होतं, फार वेळा वापरलेलं. आणि म्हणताना सरांचा हात विषयनिवडीच्या अर्जांवर होता. गिऱ्हाईक 'हो' म्हणायच्या आधीच हिचा हात कात्रीवर जायचा, अगदी तसा.

सभा सुटली आणि जिन्यात शेजारीण भेटली. ती घरी शिवणकाम करायची. तिचा मुलगा हिच्या मुलीच्याच वर्गात होता. शेजारणीचा चेहरा नुसता फुलला होता.

"ऐकलंस का गं? सर म्हणाले, माझ्या पोराची नजर वेगळी आहे!"

त्या पोराला समोर ठेवलेला स्वतःचा डबा सापडत नाही. म्हणे नजर!

"हो का? बरं झालं बाई," गोडबोली तोंडभर हसली. पण पायऱ्या उतरता उतरता तिचं ठरून गेलं होतं की इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

ते कुठं मुरतंय हे दोन दिवसांनी कळलं. शाळेचा शिपाई पडद्याचं कापड घ्यायला दुकानात आला. हिनं कापड मोजता मोजता सहज विषय काढला, आणि शिपायाच्या पोटात काही राहत नव्हतं.

"कला आणि रचना, सरांचा तो विषय ना? अहो, बारा पोरं भरली तरच तो वर्ग चालणार. नाहीतर सरांची बदली. अकरा झालीत. एकासाठी अडलंय बघा. शुक्रवारी चारला अर्जाची खिडकी बंद."

"असं होय!" गोडबोली म्हणाली, आणि कर्रकन कापड फाडलं.

म्हणजे माझी पोर बारावी! ती मनातल्या मनात पेटली. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला यांना माझीच पोर सापडली!

पोरीला घरात खडू म्हणायचे, कारण रांगत्या वयात तिनं शेजारच्या खोलीतला खडू खाल्ला होता. आता पंधरा वर्षांची झाली होती. बोलणं मोजकं, बोटं कायम काळी. अर्ज तिनं आठवडाभर टेबलावर, आईच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला होता. तो हलत नव्हता आणि खडूही त्याबद्दल बोलत नव्हती. बाप लांबच्या कामावर. फोनवर "तू म्हणशील ते" म्हणून मोकळा झाला.

"आई, सही कर नाहीतर नाही म्हण," खडू शेवटी म्हणाली.

"बघू."

"काय बघणारेस?"

"बघू म्हटलं ना!"

एकदा विषय घेतला की दोन वर्षं बदलता येत नव्हता, आणि संगणकाच्या वर्गातली जागाही जाणार होती. पण गोडबोलीची खरी भीती वेगळीच होती. कुणाच्या तरी नोकरीपायी पोरीला 'वा वा' म्हणून आत घेतील, आणि दोन वर्षांनी दुसराच कुणीतरी शहाणा सांगेल की तुझ्यात काही नाही गं. मग त्या पोरीनं तोंड कुठं लपवायचं? बरं, पोरीच्या हातात खरंच काही आहे का, हे तिला स्वतःला सांगता येत नव्हतं. कापडातलं तिला डोळे मिटून कळायचं, पण चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं.

पण माणूस कसं तपासायचं हे कळत होतं. हुशार गिऱ्हाईक आधी मुद्दाम दुकानातला सगळ्यात भिकार तागा उचलतं आणि विचारतं, "हा कसा दिसेल मला?" विकणारी 'छान' म्हणाली, की मग तिच्या पुढच्या एकाही 'छान'ला ते भीक घालत नाही.

गुरुवारी दुकान बंद असायचं. खडू शाळेत गेल्यावर गोडबोलीनं तिचीच पेन्सिल घेतली, समोर पाण्याचा जग ठेवला आणि तासभर मान मोडून चित्र काढलं. जगाचा झाला भोपळा आणि त्याला फुटला कान. तिला स्वतःलाच हसू आलं. खडूच्या चित्रांची जाडजूड फाईल कपाटातून काढून तिनं तो भोपळा मधोमध सरकवला, आणि कोऱ्या अर्जासकट फाईल पिशवीत टाकली. फाईल उघडून बाकीची चित्रं बघावीत असं काही तिला सुचलं नाही.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती चित्रकलेच्या खोलीत जाऊन उभी राहिली. दोरीवर चिमट्यांनी ओले कागद लटकत होते. बेसिनला सतरा रंगांचे डाग. खिडकीत प्लास्टरचा एक हात ठेवलेला, त्याची करंगळी तुटलेली.

"सर, सही करायच्या आधी म्हटलं एकदा तुमच्या तोंडून ऐकावं," ती दुकानातल्या आवाजात म्हणाली. ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी. बघू कोण कुणाला विकतंय!

सरांनी फाईल उघडली. एक एक कागद उलटायला लागले, आणि गंमत म्हणजे काहीच बोलेनात. अधूनमधून नुसतं "हं." गोडबोली त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. भोपळा आला.

सर थांबले. कागद उचलला. दूर धरला.

बोला, तिनं मनात म्हटलं. म्हणा छान.

"हे तुमच्या मुलीचं नाही," सर म्हणाले, आणि कागद बाजूला ठेवला.

"कशावरून?"

"ती रेघ एकदाच ओढते, चुकली तरी. ही कुणीतरी भीत भीत तीनदा गिरवलीय." मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही काढलंत का हो?"

गोडबोलीच्या कानशिलांना आग लागली. पण पकडलं गेल्यावर लाजत बसणाऱ्यांतली ती नव्हती.

"हो, मीच! आणि तुम्हाला बारावं पोर हवंय हेही मला ठाऊक आहे. नजर वेगळी, नजर वेगळी. शेजारणीच्या पोरालाही तेच सांगितलंत!"

"सगळ्यांनाच सांगितलं," सर कसनुसं हसले. "मला गोड बोलता येत नाही. तेवढं एकच वाक्य पाठ आहे. आणि बारा लागतात हे खरंच आहे. वर्ग बंद पडला तर मला जावं लागेल."

"मग खरं काय ते सांगा."

"खरं?" सरांनी फाईल तिच्याकडे फिरवली. "हाताची बोटं आखूड काढते. रंगात घाई. आणि पाय काढतच नाही. दोन वर्षं बघतोय, प्रत्येक माणसाचे पाय कशामागं तरी लपवते. हे बघा."

कागदावर एक बाई काउंटरमागं उभी होती, हातात मीटरपट्टी, खांद्यावरून कापड ओघळलेलं. तोंड हसतंय आणि डोळे दमलेले. पायांच्या जागी काउंटरच्या फळ्या. गोडबोलीनं स्वतःला ओळखलं.

"पण ही बाई दमलीय हे कुणी शिकवून काढता येत नाही," सर म्हणाले. "म्हणून ती मला वर्गात हवी. बारावी नसती तरी हवी होती."

तेवढ्यात दारात खडू आली, धापा टाकत. आई चित्रकलेच्या खोलीत आहे हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं आधी फाईल पाहिली, मग टेबलावरचा भोपळा.

"हे काय आहे?"

"तुझ्या सरांना तपासत होते," गोडबोली म्हणाली. "ओळखलं हो त्यांनी. पास झाले."

तिला वाटलं होतं पोर हसेल. खडू हसली नाही.

"मी पण तपासलं होतं," ती म्हणाली. "तुला. सातवीत असताना. शेजारच्या पोराचं चित्र आणून दाखवलं, माझं म्हणून. तू भांडी घासत होतीस. म्हणालीस, अगंबाई, किती छान! तुझा हातच वेगळा आहे गं."

गोडबोलीनं भोपळ्याचा कागद पालथा घातला.

"तेव्हापासून तुला दाखवत नाही मी."

सर उगाचच बेसिनपाशी जाऊन कुंचले धुवायला लागले. गोडबोलीच्या ओठांवर सवयीनं काहीतरी गोड आलं. तिनं ते गिळलं. मग काउंटरवाल्या बाईचा कागद उचलला आणि खिडकीशी नेला. दिव्याखाली सगळेच रंग बरे दिसतात. कापड बघायचं तर दारातल्या उजेडात न्यायचं, हे ती गिऱ्हाइकांना कधी आपणहून सांगत नसे. तिनं कागद उजेडात धरला आणि बराच वेळ बघितला.

"चुकलंय," गोडबोली म्हणाली.

"काय?"

"अंगठा. मी पट्टी अशी नाही धरत. अंगठा कापडावर दाबून ठेवावा लागतो, नाहीतर कापड सरकतं नि गिऱ्हाईक बोंबलतं."

खडूनं टेबलावरची लांब पट्टी उचलून आईच्या हातात दिली. "दाखव."

गोडबोलीनं दाखवलं. खडूनं खोडलं, एकदाच रेघ ओढली, मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की गोडबोलीला सहीची आठवण झाली. तिनं पिशवीतून अर्ज काढला आणि तिथंच, भोपळ्यावर ठेवून सही करून टाकली.

"आणखी काय चुकलंय?" खडूनं विचारलं.

"पाय कुठायत माझे?"

"ते मला कधी दिसलेच नाहीत. दुकानात काउंटर मधे असतो, आणि घरी तू पाय साडीखाली घेऊन बसतेस."

गोडबोलीनं क्षणभर सरांच्या पाठीकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि खोलीच्या मधोमध, खिडकीच्या उजेडात येऊन उभी राहिली.

"सुजलेत," ती म्हणाली. "तसेच काढ."