नर्मदाबाईची जागा

मी एक तिपाई बोलतेय. सागाची, बसकी, तीन पायांची. हिंगोलीच्या एका जीनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, सुतारानं मला घडवलं आणि यंत्रापुढच्या रांगेत मांडलं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. दिवाळी सरली की भोंगा व्हायचा, कापसाच्या गाड्या लागायच्या आणि बाया यंत्रात कापूस सारत दिवसभर बसायच्या. माझ्यावर नर्मदाबाई बसायची. कळमनुरीकडची, हसरी, डावीकडं जराशी कलून बसणारी.

एका दुपारी तिचा पदर यंत्राच्या पट्ट्यात गेला. यंत्र थांबेपर्यंत ती गेली होती.

दुसऱ्या दिवशी भोंगा नेहमीसारखाच झाला. जमीन धुतलेली होती. मॅनेजर उत्तमरावांनी बेबीबाई नावाच्या तरुण विधवेला माझ्यावर बसायला सांगितलं. ती टेकली आणि किंचाळून उठली.

"हितं कुणीतरी बसेल हाय!"

ती खरं बोलत होती. सकाळपासून माझ्यावर ओझं होतं, डावीकडं कललेलं. माझी फळी उबदार होती.

"बसायचं नसेल तर घरी जा," उत्तमराव ओरडले. "बाहेर पुष्कळ बाया उभ्या आहेत."

बेबीबाईच्या घरी लेकरं होती. ती पुन्हा वाकली. तेवढ्यात रांगेतली सगळ्यांत जुनी, तांड्यावरची पारुबाई उठली. तिनं बेबीबाईला दंडाला धरून मागं घेतलं आणि स्वतः माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"नर्मदे, काहून बसून राहिलीस गं?"

उत्तर म्हणून पट्ट्याचा आवाज आला. फट, फट, फट. माझ्यासमोरचं यंत्र तर बंद होतं. पट्टा हलतही नव्हता.

पारुबाईनं मान हलवली. "साहेब, पट्ट्याला जाळी लावा. तवर ती उठत न्हाई, अन् आमी बी बसत न्हाई." एकेक करत साऱ्या बाया उठल्या.

उत्तमराव मला उचलून फेकायला धावले. एका हातानं मी हलले नाही, दोन्ही हातांनीही नाही. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी लोहाराला बोलावणं धाडलं.

तोवर पारुबाई बायांना घेऊन माझ्याभोवती बसली. "रडा गं. तिचं नाव घ्या. मुक्या राहू नका." नर्मदाबाईच्या शेजारी बसणारी शालूबाई हुंदके देत म्हणाली, "पदर खोच म्हनून सांगनार होते मी तिला. राहूनच गेलं."

"तुझ्यानं न्हाई झालं ते, बाई. पट्ट्यानं झालं."

जाळी ठोकली तसं माझ्यावरचं ओझं हललं. गेलं नाही, थोडं सरकलं.

"बस आता," पारुबाई म्हणाली. "जागा दिली तिनं."

बेबीबाई बसली. दिवसभर पारुबाईचा हात अधूनमधून तिच्या पाठीवर येत होता. पुढं कितीतरी हंगाम मी बेबीबाई आणि नर्मदाबाई, दोघींना पेललं. बेबीबाईचा पदर सुटला की न दिसणारं कुणीतरी तो हळूच खोचून द्यायचं. ती मागं वळून बघायची नाही.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य गेलं. त्या धामधुमीत मालक निघून गेले, यंत्रं सुटी करून नेली. हंगाम आला, पण भोंगा झाला नाही. बाया दारापर्यंत येऊन परतल्या. कुणी वेचणीला लागली, कुणी गाव सोडलं.

उत्तमराव मात्र रोज यायचे. कोटाची बटणं लावून रिकाम्या जागेतून फिरायचे आणि नसलेल्या बायांना म्हणायचे, "हात चालवा, हात चालवा." मेलेल्या नर्मदाबाईची मला कधी भीती वाटली नव्हती. या जिवंत माणसाची वाटायला लागली.

एक दिवस ते येऊन माझ्यावर बसले. त्यांच्यासाठीही नर्मदाबाई सरकली. तेवढ्यात पारुबाई आत आली.

"साहेब, जीन बंद पडलं."

"बंद?"

"व्हय. तुमचं बी काम गेलं, आमचं बी."

ते लेकरासारखे रडले. पारुबाई समोर जमिनीवर बसून राहिली. त्यांचं रडं ओसरल्यावर म्हणाली, "चला, भाकर खाऊ." ते तिच्या मागं निघाले आणि पुन्हा कधी आले नाहीत.

आता इथं कबुतरं असतात. छपराचे पत्रे लोक काढून नेतात, उद्या सरपणासाठी मलाही नेतील. न्या. माझी तक्रार नाही. फक्त हात लावण्याआधी विचारा, "बाई, उठतेस का?" आणि फळी गार होईपर्यंत जरा थांबा.